योहान ऑगस्ट ब्रिनेल

योहान ऑगस्ट ब्रिनेल (२१ नोव्हेंबर, इ.स. १८४९ – १७ नोव्हेंबर, इ.स. १९२५) हे स्वीडनमधील पोलाद अभियंते होते. धातूची वस्तू न मोडता तिचे काठिण्य अंकात सांगणारी चाचणी त्यांनी विकसित केली आणि इ.स. १९०० मध्ये पॅरिस येथे ती जगापुढे आली. ही चाचणी व तिच्यातून मिळणारा अंक आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काठिण्य मोजण्याच्या रॉकवेल, व्हिकर्स व लेब या पुढच्या पद्धती ब्रिनेल चाचणीच्या उणिवा भरून काढण्यासाठी किंवा तिच्या पलीकडच्या कामांसाठी निघाल्या. पोलादकामाच्या कारखान्यापासून ते घरी छंद म्हणून सुऱ्या घडविणाऱ्यापर्यंत आज जो कोणी काठिण्यमापक विकत घेतो, त्याला ब्रिनेल हे नाव उपकरणाच्या पडद्यावर भेटतेच.

प्रारंभिक जीवन व नोकरी

ब्रिनेल यांचा जन्म दक्षिण स्वीडनच्या स्मोलांद प्रांतातील ब्रिंगेतोफ्ता या खेड्यात झाला. बोरोस येथील तांत्रिक विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. विद्यापीठीय संशोधक म्हणून त्यांची घडण झालेली नव्हती. शाळेतून ते थेट कारखान्यात गेले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी भट्टी व घणाच्या सान्निध्यात काढला. वार्मलांद प्रांतातील लेशोफोर्स येथील लोहकारखान्यात त्यांनी काही वर्षे अभियंता म्हणून काम केले. इ.स. १८८२ मध्ये ते वेस्टमानलांद प्रांतातील फागेर्स्टा कारखान्यात मुख्य अभियंता झाले व पुढची सुमारे वीस वर्षे तेथेच राहिले. त्यांच्या नावावर असलेले जवळजवळ सर्व महत्त्वाचे काम या काळातले आहे.

फागेर्स्टा हे पोलादाचे जुने गाव आहे. विसाव्या शतकात कठीण मिश्रधातूंच्या कर्तन हत्यारांसाठी प्रसिद्ध झालेला सेको हा उद्योग याच गावात सुरू झाला. त्याचा भारतातील कारखाना पुणे जिल्ह्यात कोरेगाव भीमा येथे आहे.

चाचणीपूर्वीची पारख

पोलाद किती कठीण आहे हे ओळखण्याची गरज ब्रिनेल यांच्याआधीही होतीच. विळा किंवा कोयता घडविणारा लोहार पाते तापवितो, रंग पाहून ते पाण्यात बुडवितो आणि मग धारेवर कानस फिरवून पाहतो. कानस घसरली तर पाते कठीण, रुतली तर मऊ. भातशेतीच्या शहापूर, मुरबाड या तालुक्यांत, आसनगावच्या आसपास किंवा कोकणात कोठेही ही रीत परकी नाही. स्वीडनमधल्या लोहाराचीही तीच होती. रीत भरवशाची आहे, पण तिचा निकाल एकाच माणसाच्या हातात राहतो. दुसऱ्या गावच्या लोहाराला तो निकाल कळविता येत नाही.

विज्ञानाने केलेले प्रयत्नही अपुरे होते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी इ.स. १८१२ च्या सुमारास कोणते खनिज कोणावर ओरखडा काढते यावरून दहा पायऱ्यांची श्रेणी लावली. खनिजे ओळखण्यास ती उत्तम असली तरी पोलादाचे सर्व प्रकार तिच्या दोन-तीन पायऱ्यांतच सामावतात. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच एका धातूचा ठसा दुसऱ्यावर उमटवून तुलना केली होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्‌झ यांनी इ.स. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन वक्र पृष्ठे एकमेकांवर दाबली असता काय घडते याचे गणित मांडले. कारखान्यात वापरता येईल असे साधन मात्र यांपैकी कशातूनही निघाले नाही.

दरम्यान पोलादाचा व्यापार झपाट्याने वाढला होता. रेल्वेचे आस, बाष्पित्रांचे पत्रे, बंदुकीच्या नळ्या एका देशात तयार होत व दुसऱ्या देशात वापरल्या जात. माल तपासायचा तर त्यातून नमुना कापून तो ताणून किंवा वाकवून मोडावा लागे. मोडलेल्या नमुन्याचे बळ कळे, पण तो नमुना वाया जाई, आणि न मोडलेला आस तसाच आहे की नाही हे विश्वासावरच सोडावे लागे. तो विश्वास चुकला तर आस धावत्या गाडीखाली तुटत असे.

इ.स. १८८५ चा अभ्यास

फागेर्स्टा येथे आल्यावर ब्रिनेल यांनी प्रथम हाती घेतलेला प्रश्न काठिण्याचा नव्हता, उष्णतेचा होता. एकच पोलाद वेगवेगळ्या प्रकारे तापवून व थंड करून वेगवेगळे का वागते, हे त्यांना शोधायचे होते. त्यांनी पोलादाचे तुकडे निरनिराळ्या तापमानांपर्यंत तापविले, काही एकदम व काही सावकाश थंड केले, मग ते मोडून मोडलेल्या पृष्ठभागाचा पोत नोंदविला. कोठे तो भरड व चमकदार दिसे, कोठे मखमलीसारखा बारीक. अशा निरीक्षणांच्या आधारे त्यांनी पोलादातील बदल ठराविक तापमानांना होतात हे दाखवून दिले आणि पोलादातील कर्ब दोन वेगळ्या अवस्थांत असतो अशी मांडणी केली. पाणी दिलेल्या पोलादात तो काठिण्य देणाऱ्या अवस्थेत असतो. सावकाश थंड झालेल्या पोलादात तो लोहाशी संयोग पावून वेगळा राहतो.

हा अभ्यास इ.स. १८८५ मध्ये स्वीडिश लोहउद्योगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व लवकरच जर्मन वाचकांपर्यंत पोहोचला. धातूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी तेव्हा बाल्यावस्थेत होती. पुढे सूक्ष्मदर्शक व विद्युत तापमापक आल्यावर त्यांचे बरेचसे निष्कर्ष नव्या भाषेत मांडले गेले, काही दुरुस्तही झाले. तरीही घरच्या भट्टीत सुरी घडविणारे आजसुद्धा पाणी दिलेला एखादा तुकडा मुद्दाम मोडून त्याचा पोत पाहतात. भरड दाणा दिसला की पोलाद जास्त तापले असे समजतात. या रितीला शास्त्रीय बैठक देणाऱ्या पहिल्या अभ्यासांत ब्रिनेल यांच्या या अभ्यासाचा समावेश होतो.

गोळीचा ठसा

पोत पाहून गुण ओळखण्यासाठी तुकडा मोडावाच लागे. न मोडता तेच कसे कळेल, या प्रश्नाचे ब्रिनेल यांनी दिलेले उत्तर इतके साधे आहे की ते आधी कोणाला सुचले नाही याचे नवल वाटते. कठीण केलेल्या पोलादाची गोळी ठराविक वजनाने वस्तूवर दाबायची, काही सेकंद तशीच ठेवायची, मग उचलायची. वस्तूवर गोल खळगा उरतो. धातू मऊ असेल तर खळगा मोठा, कठीण असेल तर लहान. खळग्याचा व्यास सूक्ष्मदर्शकातून मोजायचा आणि वजनाला खळग्याच्या वक्र पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागायचे. येणारा भागाकार हाच ब्रिनेल अंक.

पोलादासाठी गोळीचा व्यास १० मिलिमीटर व भार ३,००० किलोग्रॅम असे प्रमाण रूढ झाले. भार साधारण १० ते १५ सेकंद ठेवतात. मऊ धातूंसाठी ५०० किलोग्रॅमसारखा कमी भार घेतात. या प्रमाणानुसार पोलादावर ६ मिलिमीटर व्यासाचा खळगा पडला तर अंक सुमारे ९५ येतो, ४ मिलिमीटरचा पडला तर २२९ आणि ३ मिलिमीटरचा पडला तर ४१५. व्यास मोजताना मिलिमीटरच्या विसाव्या भागाची चूक झाली तर २२९ च्या जागी २२३ किंवा २३५ येतो. व्यवहारात ही चूक सोसण्याजोगी आहे.

चाचणी साधी असली तरी तिला लागणारी एक वस्तू त्या काळी नुकतीच सहज मिळू लागली होती. सायकली व यंत्रे यांच्या बेअरिंगसाठी एकसारख्या आकाराच्या, कडक पाणी दिलेल्या पोलादी गोळ्या कारखान्यांतून तयार होऊ लागल्या होत्या. गोळी सगळीकडे सारखीच असल्याशिवाय एका गावचा अंक दुसऱ्या गावी उपयोगी पडला नसता.

ब्रिनेल यांना आणखी एक गोष्ट आढळली आणि चाचणीच्या प्रसाराला तिचाच सर्वाधिक हातभार लागला. साध्या पोलादांच्या बाबतीत हा अंक व ताणून मोडल्यावर मिळणारे बळ यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर असते. ब्रिनेल अंकाला सुमारे ०.३५ ने गुणले की प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे किती किलोग्रॅम ताण पोलाद सोसेल याचा अंदाज मिळतो. २२९ अंकाचे पोलाद सुमारे ८० किलोग्रॅम सोसते. म्हणजे आस न मोडता, त्याच्या टोकाला एक लहान खळगा पाडून, तो किती भार पेलेल ते सांगता येऊ लागले.

पॅरिस, इ.स. १९००

इ.स. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात फागेर्स्टा कारखान्याने आपले पोलाद मांडले. त्यासोबत ब्रिनेल यांच्या चाचण्यांचे निकालही मांडण्यात आले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये भरलेल्या साहित्यपरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही ही पद्धत सादर झाली. स्वीडनचे आक्सेल वाल्बेर्ग यांनी ब्रिनेल यांच्या पद्धतीचे सविस्तर विवेचन इंग्रजीत केले व ते इ.स. १९०१ मध्ये ब्रिटनच्या लोह व पोलाद संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले. इंग्रजी वाचणाऱ्या अभियंत्यांना ब्रिनेल माहीत झाले ते मुख्यतः वाल्बेर्ग यांच्यामुळे.

ओतलेल्या पोलादात पोकळ्या का राहतात यावरील ब्रिनेल यांचे काम त्या मानाने विस्मृतीत गेले. मँगनीज, सिलिकॉन व ॲल्युमिनियम हे तिन्ही पोलादातील वायू आवरतात, पण सारख्या प्रमाणात नाही. सिलिकॉनचा प्रभाव मँगनीजच्या ५.२ पट व ॲल्युमिनियमचा ९० पट, असे त्यांनी प्रयोगांवरून ठरविले. कारखान्यात ओतकामाच्या वेळी कोणते द्रव्य किती टाकायचे याचा हिशेब यामुळे शक्य झाला. पोलाद बनविणाऱ्याच्या दृष्टीने हे काम गोळीच्या चाचणीपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

उत्तरायुष्य व सन्मान

इ.स. १९०२ मध्ये ब्रिनेल यांची रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमीचे सदस्य म्हणून निवड झाली. पुढच्या वर्षी ते फागेर्स्टा सोडून स्टॉकहोमला गेले व यर्नकोंतोरेत या संस्थेचे मुख्य अभियंता झाले. स्वीडनमधील लोहकारखानदारांनी इ.स. १७४७ मध्ये स्थापन केलेली ही संस्था संशोधन व पतपुरवठा अशा दोन्ही बाजूंनी उद्योगाला आधार देत असे. इ.स. १९१४ पर्यंत ते या पदावर होते. इ.स. १९०७ मध्ये ब्रिटनच्या लोह व पोलाद संस्थेने त्यांना बेसेमर सुवर्णपदक दिले. पोलाद क्षेत्रात या पदकाला मोठी प्रतिष्ठा आहे.

उतारवयात त्यांनी झिजेच्या प्रश्नाकडे लक्ष वळविले. कठीण वस्तू कमी झिजते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते किती खरे हे त्यांना मोजून पाहायचे होते. १७ नोव्हेंबर, इ.स. १९२५ रोजी, ७६ व्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

पद्धतीच्या मर्यादा

चाचणी प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच वर्षांत तिच्यावर आक्षेप घेतले गेले. जर्मनीच्या ऑयगेन मायर यांनी इ.स. १९०८ मध्ये दाखवून दिले की, भार बदलला की त्याच धातूचा ब्रिनेल अंकही बदलतो. खळग्याच्या वक्र पृष्ठभागाऐवजी त्याच्या सपाट वर्तुळाचे क्षेत्रफळ घ्यावे असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रीय दृष्ट्या मायर बरोबर होते. कारखान्यांनी तरीही ब्रिनेल यांचाच अंक ठेवला, कारण कोष्टके छापून झाली होती व करार त्या अंकांवर होऊ लागले होते. भार व गोळी यांचा उल्लेख अंकासोबत करण्याची शिस्त मात्र त्यानंतर कायम झाली.

दुसरी अडचण गोळीचीच होती. सुमारे ४५० अंकापुढे पोलादी गोळी स्वतःच चपटी होऊ लागते. म्हणून आता टंगस्टन कार्बाइडची गोळी वापरतात व ६५० अंकापर्यंतच निकाल ग्राह्य मानतात. शिवाय दहा मिलिमीटरच्या गोळीचा खळगा मोठा असतो. ओबडधोबड ओतीव भागावर तो चालतो, किंबहुना तेथे मोठा खळगाच बरा, कारण धातूतील लहानसहान विषमता त्यात झाकली जाते. तयार, गुळगुळीत वस्तूवर तो चालत नाही.

या अडचणींतूनच पुढच्या पद्धती निघाल्या. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील ब्रिस्टल येथील बेअरिंगच्या कारखान्यात ह्यू रॉकवेल व स्टॅन्ली रॉकवेल यांनी खळग्याचा व्यास न मोजता खोली मोजणारे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट इ.स. १९१९ मध्ये मिळाले. आधी १० किलोग्रॅमचा प्राथमिक भार, मग मुख्य भार, मग पुन्हा प्राथमिक भार, आणि अंक थेट तबकडीवर, अशी त्याची रीत आहे. कठीण पोलादासाठीच्या रॉकवेल सी श्रेणीत गोळीऐवजी हिऱ्याचा शंकू व एकूण १५० किलोग्रॅम भार असतो. ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीत स्मिथ व सँडलँड यांनी इ.स. १९२० नंतर लगेचच हिऱ्याच्या चौकोनी सूचीची पद्धत आणली.

सुऱ्या, पाती व हाती नेता येणारी उपकरणे

चांगल्या सुरीचे काठिण्य सामान्यतः रॉकवेल सी ५८ ते ६२ च्या आसपास असते. ब्रिनेलच्या भाषेत हे ६०० ते ७०० च्या दरम्यान, म्हणजे चाचणीच्या सीमेवर वा तिच्या बाहेर येते. प्रमाण गोळीचा खळगा येथे सुमारे अडीच मिलिमीटरचा पडेल आणि त्याच्या मध्यापासून पात्याची कड त्याच्या अडीच पट दूर असावी लागेल. अरुंद पात्यावर एवढी जागा नसते. असली तरी पाते विद्रूप होते. म्हणून सुऱ्यांसाठी ब्रिनेल चाचणी वापरत नाहीत. पोलादविक्रेत्याच्या पत्रकात ब्रिनेल अंक दिसतो तो पाणी देण्यापूर्वीच्या, मऊ केलेल्या पट्टीचा. उदाहरणार्थ, तेथे २०० च्या आसपासचा अंक असेल तर ती पट्टी कापता, कानशीने घासता व भोके पाडता येईल असे समजावे.

वस्तू यंत्रापर्यंत नेण्याऐवजी यंत्रच वस्तूपर्यंत नेण्याची कल्पना ब्रिनेल पद्धतीतूनच पुढे आली. चेक देशातील पोल्डी कारखान्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हाती उपकरणात दहा मिलिमीटरची गोळी वस्तू व माहीत काठिण्याची पट्टी यांच्यामध्ये असते. वरून हातोड्याचा एक ठोका दिला की दोन्हींवर खळगे पडतात. ठोका किती जोराचा होता हे ठाऊक असण्याची गरज नाही. दोन खळग्यांची तुलना पुरते. मोठे ओतीव भाग व जागेवर बसविलेली यंत्रे यांच्यासाठी हे उपकरण भारतातही वापरले जाते.

इ.स. १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डिटमार लेब यांनी उसळीवर चालणारी पद्धत आणली. लहान आघातक वस्तूवर आदळतो, आणि परतीचा वेग व येतानाचा वेग यांच्या गुणोत्तरास १,००० ने गुणून लेब अंक मिळतो. आज खिशात मावणारी जी काठिण्यमापके बाजारात विकली जातात त्यांतील बहुतेक याच तत्त्वावर आहेत. त्यांच्या पडद्यावर रॉकवेल किंवा ब्रिनेल अंक दिसत असला तरी तो मोजलेला नसतो, उपकरणातील कोष्टकावरून बदललेला असतो. सुरी घडविणाऱ्याची फसगत होते ती मुख्यतः वजनाच्या अटीमुळे. नेहमीच्या आघातकासाठी वस्तू किमान ५ किलोग्रॅम वजनाची असावी लागते. २ ते ५ किलोग्रॅमच्या वस्तूला भक्कम आधार लागतो आणि त्याहून हलकी वस्तू जड ठोकळ्याला घट्ट जोडावी लागते. पाव किलोचे पातळ पाते आघाताने थरथरते, उसळीची ऊर्जा त्यात जाते व अंक खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. चांगले पाणी बसलेले पाते मऊ समजून पुन्हा भट्टीत जाते.

पातळ पात्यासाठी त्याऐवजी सी आकाराच्या चौकटीचे, स्क्रूने दाब देणारे हाती रॉकवेल यंत्र अधिक योग्य ठरते, कारण ते पाते दोन्ही बाजूंनी धरते व त्यावर खरोखर भार देते. कंप पावणाऱ्या दांड्याच्या टोकावरील हिरा टेकवून कंपनातील फरक मोजणारी स्वनातीत उपकरणेही आहेत, पण ती महाग असतात. कोणत्याही उपकरणासोबत ज्ञात काठिण्याचा प्रमाणित ठोकळा असणे आवश्यक आहे. त्यावर आधी अंक घेतल्याशिवाय पात्यावरचा अंक विश्वासार्ह नसतो. सर्वांत स्वस्त पर्याय वेगवेगळ्या काठिण्याच्या कानशींचा संच हा आहे. ४० पासून ६५ पर्यंतच्या रॉकवेल सी अंकांच्या या कानशींपैकी कोणती घसरते व कोणती रुतते यावरून पात्याचा अंक साधारण पाचाच्या टप्प्यात कळतो. लोहाराच्या कानशीला येथे अंक मिळाला आहे, एवढाच फरक.

महाराष्ट्रातील वापर

भारतात ब्रिनेल चाचणी भारतीय मानक १५०० नुसार केली जाते. रॉकवेल चाचणीसाठी भारतीय मानक १५८६ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहित्यपरीक्षण प्रयोगशाळांत विद्यार्थी ज्या चाचण्या प्रथम करतात त्यांत या दोन्ही असतात. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत, विशेषतः इचलकरंजी, जयसिंगपूर व मिरज या परिसरात, ब्रिनेल व रॉकवेल काठिण्यमापके बनविणारे उद्योग उभे राहिले आणि देशातील अनेक प्रयोगशाळांत त्यांची यंत्रे आहेत. याच भागात ओतकामाचे कारखानेही मोठ्या संख्येने आहेत. तेथे बनणाऱ्या बिडाच्या भागांवर, माल पाठविण्यापूर्वी, एका कडेला घासून सपाट केलेल्या जागी गोल खळगा पाडलेला असतो.